मारेकऱ्याला पोलीस करू नकोस

नाशिक, रविवार

प्रिय श्रीकांत,

तुझं पत्र आणि सोबतची प्रकरणं मिळाली. पत्र आधी वाचलं आणि काळजी वाटली. प्रकाशकाकडच्या संपादकांनी तुला सांगितलं म्हणे, की सुपारी घेणारा माणूस स्वतःच्या तोंडून गोष्ट सांगतोय हे मराठी वाचकाच्या पचनी पडणार नाही, त्याला निलंबित पोलीस इन्स्पेक्टर करून टाका. आणि तू तसं करायच्या विचारात आहेस. कृपा करून थोडं थांब. त्याआधी मला तुझ्याशी बॅरी आयस्लर या थ्रिलर लेखकाबद्दल सविस्तर बोलायचंय. फोनवर ते नीट जमणार नाही, म्हणून हे पत्र.

आयस्लर अमेरिकन, १९६४ चा जन्म, मूळचा न्यू जर्सीचा. कॉर्नेलमधून कायद्याची पदवी घेतल्यावर तो सीआयएत गेला, तेही गुप्त कारवाया सांभाळणाऱ्या विभागात. तीन वर्षांनी तिथून बाहेर पडला. मग वकिली, सिलिकन व्हॅलीतल्या कंपन्या, आणि कामानिमित्त जपान. टोकियोत कोदोकानला, म्हणजे ज्युदोच्या मूळ गादीवर, शिकून त्याने ब्लॅक बेल्ट मिळवला. त्याच दिवसांत एकदा सकाळी कामावर जाताना त्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र आलं. शिबुयातल्या दोगेनझाका रस्त्याने एक माणूस चाललाय आणि दोघेजण त्याच्या मागावर आहेत. हे कोण, कशासाठी मागे लागलेत, असं स्वतःला विचारता विचारता त्याला जॉन रेन हा त्याचा नायक, एक भाडोत्री मारेकरी, सापडला. नोकरी सांभाळून लिहिणं चाललेलं, त्यामुळे ‘रेन फॉल’ ही रेनची पहिली कादंबरी छापून यायला २००२ उजाडलं.

रेनचा बाप जपानी, आई अमेरिकन. दोन्ही देशांत तो परकाच. व्हिएतनाममध्ये लढलाय आणि तिथे जे केलं ते घेऊन टोकियोत राहतोय. त्याचं कसब असं की माणूस मेला तर नैसर्गिकरीत्या मेला असं वाटलं पाहिजे. त्याचे नियमही ठरलेले आहेत. बायकांना हात लावायचा नाही, मुलांना नाही, आणि कुणाला धडा शिकवायला त्याच्या घरातल्या तिसऱ्याच माणसाला मारायचं नाही.

पहिल्याच प्रकरणातला प्रसंग तुला सांगतो. टोकियोतल्या यामानोते लाइनवरची गर्दीच्या वेळची गाडी. मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्या माणसाला ती गर्दी समजावून सांगावी लागत नाही. एक बडा सरकारी अधिकारी डब्यात उभा आहे, छातीत पेसमेकर. रेन त्याला चिकटून उभा राहतो आणि हातातल्या छोट्या उपकरणाने तो पेसमेकर बंद पाडतो. अधिकारी कोसळतो. लोकांना वाटतं, हार्ट अ‍ॅटॅक. इथपर्यंत कुठल्याही थ्रिलर लेखकाने आणलं असतं. पण मदतीला धावल्याचं दाखवत एक गोरा माणूस मेलेल्याचे खिसे चाचपतोय, हे रेनच्या नजरेला पडतं आणि तिथून कादंबरी खऱ्या अर्थाने सुरू होते. मला हा तपशील फार आवडतो. गर्दीत सगळे चेहऱ्याकडे बघत असताना हा एकटा हातांकडे बघतो. वाचक त्याच्या बाजूला जातो तो इथे, त्याच्या नजरेमुळे. तो चांगला माणूस आहे अशी ग्वाही लेखकाने कुठेही दिलेली नाही.

त्या पेसमेकरबद्दल आणखी एक सांगतो. २००२ मध्ये ही कल्पना पुष्कळांना ओढूनताणून आणलेली वाटली असणार. पण २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी शरीरात बसवलेल्या डिफिब्रिलेटरशी (हृदयाचे बिघडलेले ठोके झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र) बिनतारी छेडछाड करता येते हे प्रयोगशाळेत सिद्ध केलं. आणि माजी उपाध्यक्ष डिक चेनींनी २०१३ मध्ये टीव्हीवर सांगितलं, की घातपाताच्या भीतीने आपल्या उपकरणातली बिनतारी सोय बंद करून घेतली होती. अशा वेळी जुने वाचक पुस्तक पुन्हा उघडतात आणि लेखकावरचा त्यांचा विश्वास पक्का होतो.

पुढे रेनची गाठ पडते मिदोरीशी. ती जॅझ पियानोवादक, आणि त्याच अधिकाऱ्याची मुलगी. ज्याला आपण मारलं त्याच्या मुलीचं वादन तो अंधाऱ्या क्लबमध्ये बसून ऐकतो आणि तिच्यात गुंतत जातो. आता विचार कर, रेनऐवजी इथे एखादा प्रामाणिक पोलीस असता तर या बैठकीत काय उरलं असतं? बापाच्या खुनाचा तपास करणारा आणि मुलगी, बस्स. अशा शेकड्याने गोष्टी आपण वाचनालयातून आणून वाचल्यात.

संपादक म्हणतात वाचक पळून जाईल. मी उलट टोकाचा पुरावा देतो. मालिकेतल्या चौथ्या कादंबरीत, ‘किलिंग रेन’मध्ये, रेन मनिलात आहे. ज्याला मारायचंय तो माणूस रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात येणार, रेन आत दबा धरून बसलाय, सगळं जुळून आलंय. आणि त्या माणसाचा लहान मुलगा आत येतो. रेन गोठतो. इतकी वर्षं जो हात थरथरला नाही तो उठतच नाही. त्यातून पुढे भलतंच रामायण घडतं, ते तू स्वतःच वाच. हे पान मी रात्री वाचलं आणि पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो. मालिकेच्या वाचकांमध्ये इथे दोन तट पडलेले मी पाहिलेत. काहींना रेन मऊ पडला याचा राग आला, त्यांना पहिल्या पुस्तकातला थंड रक्ताचा रेनच हवा होता. मी दुसऱ्या तटातला. माणसाने वर्षानुवर्षं हे काम केलं आणि त्याच्या आत काहीच साठलं नाही, हे मला पटलंच नसतं. पण मुद्दा असा की रागावलेलेही पुढचं पुस्तक घ्यायला आलेच. त्यांचा राग जवळच्या माणसावरचा होता.

आणि त्याचे वाचक कसे आहेत बघ. रेन कुठेही भिंतीला पाठ लावून बसतो, गाडीचं दार बंद होता होता उतरतो, मागावर कुणी आहे का हे बघायला लांबचा वळसा घेऊन जातो. मला स्वतःला मारायचं असतं तर मी कुठे उभा राहिलो असतो, हा प्रश्न तो प्रत्येक चौकात स्वतःला विचारतो. वाचक सांगतात की पुस्तक वाचल्यापासून आम्हीही हॉटेलात दार दिसेल अशीच खुर्ची बघतो. काहीजण पुस्तक हातात घेऊन टोकियोत फिरलेत, रेन जिथे कॉफी पितो ते कॉफीघर आणि जिथे व्हिस्की घेतो तो बार शोधत. आयस्लर जागा स्वतः पाहून लिहितो, म्हणून हे शक्य होतं. एवढं करूनही चूक राहतेच. मग शस्त्रांतलं, वैद्यकातलं किंवा जपानीतलं कळणारा कुणी वाचक ती दाखवून देतो, आणि आयस्लर अशा चुकांची यादी जाहीरपणे ठेवतो. त्याच्या पुस्तकांच्या शेवटी ऋणनिर्देशात एका मंडळाचे आभार असतात, खाण्यापिण्याचे शौकीन आणि त्याच वेळी मारामारीचे गाढे अभ्यासक असलेल्या मित्रांचं. हस्तलिखित आधी त्यांच्या हातात जातं. मला या गोष्टीचं मोल फार वाटतं. खुन्याची गोष्ट लिहिणारा माणूस खरेपणाबद्दल इतका काटेकोर आहे, हे वाचकाला ओळीओळीत जाणवतं.

आता प्रकाशकांबद्दल, कारण तुझी खरी अडचण तिथे आहे. २०११ च्या मार्चमध्ये सेंट मार्टिन्स प्रेसने आयस्लरला दोन पुस्तकांसाठी ५ लाख डॉलर देऊ केले होते आणि त्याने ते नाकारले. पुस्तक मी स्वतः काढतो म्हणाला. लेखकांच्या जगात खळबळ उडाली. त्याचं गणित सरळ होतं. मोठे प्रकाशक ई-पुस्तकावर निव्वळ उत्पन्नाच्या २५ टक्के देत, आणि २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीत स्वतः काढलं तर अ‍ॅमेझॉनवर ७० टक्के मिळत. पण पैशाइतकाच त्याचा राग मुखपृष्ठांवर आणि नावांवर होता. त्याच्या एका कादंबरीच्या फ्रेंच आवृत्तीवर गॅरेजचा हिरवा दरवाजा छापला होता, आणि लेखकाचं तिथे काही चाललं नव्हतं. पुढे त्याच वर्षी, तो स्वतः काढणार होता ते पुस्तक, ‘द डिटॅचमेंट’, आलं ते अ‍ॅमेझॉनच्या थॉमस अँड मर्सर या प्रकाशनाकडून. स्वतः काढतो म्हणालेला माणूस शेवटी कंपनीकडेच गेला, असं काहींनी सुनावलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. त्याला पुस्तकावरचा हक्क आणि लवकर प्रकाशन हवं होतं, ते जिथे मिळालं तिथे तो गेला.

जुन्या पुस्तकांचे हक्क परत मिळाल्यावर त्याने नावंही बदलली. ‘रेन फॉल’चं ‘अ क्लीन किल इन टोकियो’ झालं, ‘हार्ड रेन’चं ‘अ लोनली रिझरेक्शन’. ‘रेन’ या आडनावावरच्या कोट्यांमधून अनोळखी वाचकाला काहीच कळत नाही, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच आहे. तुझ्या कादंबरीचं सध्याचं नावही मला याच कारणासाठी खटकलं.

वाचक त्याच्यावर चिडले नाहीत असं अजिबात नाही. सीआयएने कैद्यांच्या चौकशीच्या ९२ व्हिडिओ टेप नष्ट केल्या होत्या, त्या प्रकरणावर त्याने २०१० मध्ये ‘इनसाइड आउट’ लिहिली. छळाच्या विरोधात तो उघडपणे बोलतो. आम्हाला गोष्ट हवी, राजकारण नको, म्हणून त्याच्यापासून दुरावलेले वाचक आहेत. त्याने सूर बदलला नाही. उलट नंतरच्या पुस्तकांत तो कथेमागच्या खऱ्या बातम्यांचे संदर्भही देऊ लागला. चूक दाखवणारी वाचकाची चिठ्ठी मान खाली घालून स्वीकारायची आणि मत बदलण्याची मागणी आली तर ढळायचं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच लेखकाला जमलेल्या पाहून मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

वयाचा प्रश्नही त्याने छान सोडवला. व्हिएतनाममध्ये लढलेला माणूस वर्षं सरतील तसा म्हातारा होणारच. म्हणून ‘ग्रेव्हयार्ड ऑफ मेमरीज’मध्ये तो १९७२ च्या टोकियोत मागे गेला, विशीतला रेन दाखवायला. आणि आजच्या काळात त्याच्याभोवती माणसं वाढवली. मोसाद या इस्रायली गुप्तचर संस्थेची डलाइला, गप्पिष्ट स्नायपर डॉक्स (पुष्कळ वाचकांचा जीव आता रेनपेक्षा याच्यावर जास्त आहे), आणि सिएटलमधली पोलीस डिटेक्टिव्ह लिव्हिया लोन, लहानपणी थायलंडहून विकली गेलेली. २०१९ च्या ‘द किलर कलेक्टिव्ह’मध्ये ही सगळी एकत्र येतात. ‘रेन फॉल’वर २००९ मध्ये सिनेमाही आला, किप्पेई शिइना आणि गॅरी ओल्डमन. पुस्तकाची खरी ताकद रेनच्या मनातल्या आवाजात आहे आणि पडद्यावर तो आवाज पोचणं अवघड, एवढंच म्हणतो.

आता तुझ्या हस्तलिखिताकडे येतो. तुझा मारेकरी अकोल्याच्या एसटी स्टँडसमोरच्या लॉजमध्ये खोली घेतो आणि रजिस्टरमध्ये आधीच्या पाहुण्यांची नावं उलटी वाचतो, तिथे मी त्याचा झालो. तो इन्स्पेक्टर असता तर रजिस्टर सरळ मागून घेतलं असतं आणि ते पान मेलं असतं. मराठी वाचकाला कायद्यापलीकडचा नायक नवा नाही, बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर आपल्या आधीच्या पिढ्या पोसल्यात. त्यामुळे संपादकांची भीती मला पटत नाही. पण माझी एक गोष्ट मनावर घे. पाचव्या प्रकरणात तुझा माणूस खून करून सरळ जेवायला बसतो आणि तुला ते धाडसी वाटलंय. मला तिथे पोकळ वाटलं. त्याला रडवू नकोस, पश्चात्तापाचं भाषणही नको. फक्त त्या दिवशी त्याच्या हातून काय राहून जातं ते दाखव. बहिणीला करायचा फोन असेल, पायातली चप्पल असेल, तुला माहीत.

दुसऱ्या प्रकाशकाकडे द्यायचं असेल तर आधी पूर्ण कर, अर्धवट दाखवू नकोस. आणि तुमच्या चाळीतले ते निवृत्त फार्मासिस्ट काका आहेत ना, त्यांना चौथं प्रकरण वाचायला दे. तू लिहिलेलं औषध इतक्या लवकर लागू पडतं का, हे ते सांगतील. गॅरेजमधल्या मारामारीत त्याच्या हातात आधी पाना आहे आणि दोन पानांनी स्क्रूड्रायव्हर झालाय, तेवढं बघ.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
नंदू