पॅडेलची पहिली रॅकेट निवडताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर पॅडेलविषयी, म्हणजे काचेच्या भिंतींनी वेढलेल्या कोर्टावर खेळल्या जाणाऱ्या टेनिससारख्या खेळाविषयी, अलीकडे वरचेवर मजकूर येतो, याचा आनंद आहे. मात्र त्यात स्पर्धांचे निकाल आणि नामवंत खेळाडूंच्या रॅकेटचे कौतुक यांनाच जागा मिळते. नुकत्याच कोर्टावर उतरलेल्या माणसाने पहिली रॅकेट कशी पारखावी, याविषयी दोन ओळीही सापडत नाहीत. माझी स्वतःची पहिली खरेदी फसली, म्हणून हे पत्र.

मी अनेक वर्षे टेनिस खेळत आलो असल्यामुळे रॅकेटमधले आपल्याला कळते, असा माझा समज होता. पण पॅडेलच्या रॅकेटला तारा नसतात. ती भोके पाडलेली भरीव फळी असते, लांबी नियमानुसार जास्तीत जास्त ४५.५ सेंटिमीटर आणि जाडी ३८ मिलिमीटर. टेनिसमध्ये फटक्याचा दणका तारा बऱ्याच अंशी पचवतात. इथे ते काम आतल्या गाभ्याला करावे लागते, आणि गाभा कडक असेल तर उरलेला दणका थेट कोपरापर्यंत पोहोचतो. मी घेतलेली रॅकेट पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, ३७५ ग्रॅमची, कडक गाभ्याची होती. तिसऱ्या आठवड्यात चहाचा कप उचलतानाही कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली, तेव्हा डोळे उघडले.

चौकट आकार वाईट नाही, पण तो नवख्यासाठी नाही. त्यात वजन टोकाकडे असते आणि चेंडू उत्तम लागण्याची जागा लहान व वरच्या अंगाला असते. डोक्यावरून स्मॅश मारणाऱ्या कसलेल्या खेळाडूला तीच हवी असते. पॅडेलमध्ये सर्व्हिस मात्र खालूनच करावी लागते, चेंडू मागच्या काचेवर आपटून गुडघ्याच्या उंचीवर परत येतो, आणि नवख्याचे बरेच फटके रॅकेटच्या मध्याच्या खालीच बसतात. गोल आकारात ही जागा मोठी आणि मधोमध असल्यामुळे थोडा चुकलेला फटकाही जाळ्यापलीकडे जातो. थेंबाच्या आकाराची रॅकेट या दोहोंच्या मधली. ती दुसऱ्या खरेदीसाठी ठेवावी.

वजनाबाबतही फसगत होते. हातोडी दांड्याच्या टोकाला धरली तर जड वाटते आणि डोक्याजवळ धरली तर हलकी, वजन मात्र तेवढेच असते. रॅकेटचेही तसेच आहे. ३६० ग्रॅमची टोकाला जड रॅकेट ही ३७० ग्रॅमच्या मुठीकडे झुकलेल्या रॅकेटपेक्षा मनगटाला अधिक छळू शकते. म्हणून ती बोटावर आडवी तोलून पाहावी: ज्या जागी ती स्थिर राहते ती जागा मुठीच्या जितकी जवळ, तितकी ती जाळ्याजवळच्या झटपट व्हॉलीला (टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्याला) हाताशी येते. बहुतेक नवख्यांना ३५० ते ३६५ ग्रॅम पुरे होतात. मूठ बारीक वाटल्यास वर एक ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर बसवायची पातळ पट्टी, गुंडाळावी. त्याने काही ग्रॅम वाढतात खरे, पण ते मुठीत वाढतात, त्यामुळे तोल उलट हाताकडेच सरकतो.

सर्वांत मोठ्या अक्षरांत मिरवले जाते ते कार्बन, म्हणजे रॅकेटच्या पृष्ठभागावरचे कार्बन तंतूंचे कापड. '३के', '१२के', '१८के' हे आकडे त्या कापडाच्या विणीतल्या एका पेडात किती हजार तंतू आहेत एवढेच सांगतात. रॅकेट किती कडक आहे हे केवळ त्यावरून ठरत नाही, कारण त्यात थर किती, राळ कोणती आणि गाभा कसला याचाही वाटा असतो. (मीही '१८के' पाहूनच भुललो होतो, हे कबूल करतो.) नवख्याला फायबरग्लासचा पृष्ठभाग आणि मऊ फोमचा किंवा मऊ ईव्हीएचा (रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचा) गाभा सोयीचा पडतो. मऊ रॅकेटमध्ये ताकद नसते, ही समजूत अर्धीच खरी आहे: हाताचा झोका लहान असताना मऊ गाभाच चेंडू पुढे ढकलतो, कडक गाभ्याकडून तेच काम करून घ्यायला जोरात हात फिरवावा लागतो.

माझी तक्रार उत्पादकांविषयी आहे. तंतूंची संख्या ठळक छापली जाते, वजन मात्र '३६० ते ३७५' असे मोघम आणि तोल 'मध्यम' एवढ्या एका शब्दात उरकला जातो. प्रत्येक रॅकेटवर तिचे नेमके वजन आणि मुठीच्या टोकापासून तोलबिंदूपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये छापणे त्यांना अवघड नाही. आपल्या क्रीडा प्रतिनिधींनीही यापुढे एखाद्या रॅकेटविषयी लिहिताना हे दोन आकडे अवश्य द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक