जहाजांचे प्रश्न आणि छापील उत्तरे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात सोलापुरातील एका शाळेच्या सामान्यज्ञान स्पर्धेला मी परीक्षक म्हणून बसलो होतो. ‘शांततेच्या काळातील जगातली सर्वांत मोठी जहाज दुर्घटना कोणती?’ या प्रश्नाला आठवीतील एका मुलीने न अडखळता ‘डोन्या पाझ’ असे उत्तर दिले. परंतु संयोजकांच्या हातातील कार्डावर ‘टायटॅनिक’ छापलेले असल्यामुळे तिचे गुण कापले गेले आणि पुढच्या संघाने कार्डावरचे नाव घेताच टाळ्या पडल्या. मी कार्ड मागून पाहिले, तर उत्तराखाली निळ्या शाईने दोनदा रेघ ओढलेली होती. मी हरकत घेतली, पण ‘सर, पुस्तकात तसेच आहे’ यापुढे बोलणे सरकले नाही. तेथे जे बोलायचे राहिले, ते या पत्रातून मांडत आहे.

मुलीचे उत्तर बरोबर होते. ‘डोन्या पाझ’ ही फिलिपिन्समधील प्रवासी बोट 20 डिसेंबर 1987 रोजी एका तेलवाहू जहाजावर आदळून पेटली आणि त्यात चार हजारांहून अधिक माणसे दगावली. टायटॅनिकचे बळी सुमारे दीड हजार. युद्धकाळ धरायचा म्हटले, तर जानेवारी 1945 मध्ये बाल्टिक समुद्रात सोव्हिएत पाणबुडीने बुडवलेल्या ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’चा आकडा याहूनही मोठा आहे.

खुद्द टायटॅनिकबद्दलही आपल्याकडची पुस्तके विचारतात ते हिमनगाची तारीख आणि कप्तानाचे नाव. तिच्यावर सुमारे 2,200 माणसे होती आणि जीवरक्षक होड्या होत्या 20, ज्यांत 1,178 माणसे मावली असती. हे वाचून कोणीही कंपनीच्या नावाने बोटे मोडील. पण त्या वेळचा ब्रिटिश नियम होड्यांची संख्या प्रवाशांवरून नव्हे, तर जहाजाच्या टनांवरून ठरवत असे आणि दहा हजार टनांवरच्या कोणत्याही जहाजाला 16 होड्या पुरेशा मानत असे. टायटॅनिक होती 46 हजार टनांची. म्हणजे ती कायद्याने मागितल्यापेक्षा चार होड्या जास्त घेऊन निघाली होती! त्यातही पहिली होडी 65 जणांची जागा असताना 28 जणांना घेऊन पाण्यात उतरवली गेली. मुलांना विचारण्याजोगा प्रश्न हा आहे, असे माझे मत आहे.

याहून अधिक खटकते ते हे, की संपूर्ण प्रश्नसंचात आपल्या किनाऱ्यावरचे एकही नाव नव्हते. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, गटारी अमावास्येसाठी गावी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ ही आगबोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. भर पावसाळ्यातला खवळलेला दर्या होता. काशाच्या खडकाजवळ मोठी लाट आदळल्यावर घाबरलेले प्रवासी एकाच बाजूला धावले, तोल गेला आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणाच नव्हती, त्यामुळे मुंबईपासून काही मैलांवर एवढा अनर्थ घडूनही दुपार उलटेपर्यंत मुंबईला त्याचा पत्ता नव्हता. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळी बांधवांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी बुडणारी माणसे ओढून घेतली. दिवसाची कमाई पाण्यात लोटणाऱ्या त्या नाखवांचा उल्लेख मी आजवर एकाही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पाहिलेला नाही.

कोकण किनाऱ्यावरच 11 नोव्हेंबर 1927 रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. ज्यांची गाथा इंद्रायणीत तरली, त्यांच्या नावाची बोट बुडाली, हे पंढरपूरच्या जिल्ह्यात बसून लिहिताना हात जरा अडखळतो.

आपल्या गिरणगावाला जवळची वाटावी अशी एक घटना मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतली आहे. 14 एप्रिल 1944 रोजी तेथे उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटके, सोन्याच्या विटा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. आग लागली ती कापसाला, आणि गाठीतली आग आतल्या आत कशी धुमसत राहते, हे गिरणीत उमेदवारी केलेल्या सोलापूरकराला सांगायला नको. दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांत अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. अग्निशमन सेवा दिन 14 एप्रिलला पाळला जातो, तो यामुळेच. आपल्या शहरात ती तारीख बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीची असल्याने हे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे, मग आपल्या मुलांनी हे कशाला पाठ करावे, असे एका सहपरीक्षकांनी मला विचारले. त्यांना मी 21 मे 2024 ची आठवण करून दिली. त्या सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून पलीकडे इंदापूर तालुक्यातील कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उजनीच्या जलाशयात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला.

आपल्या बालपुरवणीत दर आठवड्याला प्रश्नमंजूषा येते आणि अनेक शाळा स्पर्धेचे प्रश्न तीमधूनच उचलतात, म्हणून ही विनंती आपल्याकडे करीत आहे. येत्या 17 जुलैच्या सुमारास ‘रामदास’वर निदान पाच प्रश्न द्यावेत, त्यांतला एक रेवसच्या होड्यांवर असावा आणि ‘सर्वांत मोठी दुर्घटना’ या प्रश्नाचे बरोबर उत्तर एकदा ठळक अक्षरांत छापावे. ते कात्रण मी त्या शाळेच्या सूचनाफलकावर स्वतः नेऊन लावीन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर