पहिल्या दिवशी दात कोरायचं मशीन न लावणाऱ्या डॉक्टरांना

नमस्कार डॉक्टर,

तुमच्याकडे रोज इतकी मुलं येतात, की आमची लेक आठवेलच असं नाही. खूण सांगतो. सव्वातीन वर्षांची, वरचे पुढचे चार दात हिरडीजवळ तपकिरी, तोंड घट्ट मिटलेलं. तुम्ही ‘आ कर’ म्हणालात तर ‘तूच कर’ म्हणाली, ती. आणि तुम्ही खरंच आ केलात. तिने वाकून तुमच्या दाढा बघितल्या, मग स्वतःचं तोंड उघडलं.

आम्ही आलो तेच मुळी उशिरा. ते डाग मला आधी खाण्याचे वाटले होते. मग एका ठिकाणी दाखवलं, तिथे ‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत’ असं ऐकलं आणि निर्धास्त होऊन घरी परतलो. मनासारखं उत्तर मिळालं की माणूस दुसऱ्याला विचारायला जात नाही. चार महिने असेच गेले. तेवढ्या काळात ती एकाच बाजूने चावायला लागली, घास गालात धरून बसायला लागली, रात्री मध्येच रडत उठायला लागली. आम्ही त्याला खाण्याचे नखरे म्हणत होतो. ‘दुखतंय’ असं ती एकदाही म्हणाली नाही. हे मी तुम्हाला अगदी पुराव्यासारखं सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, की न दुखणारी दाढ कशी असते हेच जिला आठवत नाही, ती तक्रार कशाची करणार? ते वाक्य मला बरेच दिवस बोचत होतं.

त्या दिवशी तुम्ही तिला मोठ्या खुर्चीत बसवलंच नाही. आपण दोघं समोरासमोर, गुडघ्याला गुडघे लावून बसलो. तिचे पाय माझ्या कमरेभोवती, डोकं तुमच्या मांडीवर. तुम्ही बोटाने तिचा वरचा ओठ उचललात आणि मोठ्याने दात मोजायला लागलात. वीस भरले. मोजता मोजता मला दाखवलंत, की तपकिरी दातांच्या शेजारच्या सुळ्यांवर हिरडीला लागून खडूसारखी पांढरी रेघ आहे. कीड सुरू होते ती अशी, आणि या टप्प्यावर ती मागे फिरवता येते. ती रेघ मी रोज बघत होतो. दात पांढरा, रेघही पांढरी, मला त्यात वावगं काय दिसणार?

मग तुम्ही विचारलंत, “झोपताना शेवटचं तोंडात काय जातं?”

घरात रात्रपाळी माझी. ती उठली की दुधाची बाटली देणारा मीच, आणि दूध गोड असलं की ती लवकर झोपते हा शोधही माझाच. खालमानेने सांगून टाकलं आणि आता बोलणी बसणार म्हणून वाट बघत राहिलो. तुम्ही नुसती मान हलवलीत. उत्तर तुम्हाला आधीच कळलेलं होतं, कारण वरचे दात किडलेले आणि खालचे पुढचे दात स्वच्छ होते. बाटली तोंडात असताना खालच्या दातांवर जीभ येते, लाळही तिथेच साचते. वरचे बिचारे उघडे पडतात. त्यात झोपेत लाळ फारच कमी सुटते, म्हणजे दात धुणारं पाणीच बंद.

कीड म्हणजे किडा नाही, हेही तुम्ही तिच्यासमोरच सांगितलंत, हे बरं झालं. आपल्या भाषेतल्या त्या शब्दाने तिने रात्री आरशात किडा शोधला होता. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला पीएच (आम्लता मोजायचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या थरातली खनिजं विरघळायला लागतात, आणि लाळेला ते सावरून घ्यायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून एकदाच भरपूर गोड खाल्लेलं परवडलं, पण दिवसभर थोडं थोडं आणि रात्री दोनदा बाटली हे महागात पडतं. दुधाच्या दातांचं वरचं कवच पातळ, आतली नस तुलनेने मोठी. म्हणून मोठ्या माणसाच्या दातात जे व्हायला वर्षं लागतात, ते इथे काही महिन्यांत होतं. ‘पडणारच आहेत’ याचा हिशोबही तुम्हीच करून दिलात. पुढचे दात ती सहा ते आठ वर्षांची होईतो पडतील, पण मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. तोवर ती चावणार कशाने? शिवाय खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवणाऱ्याही त्याच.

त्या दिवशी तुम्ही मशीनला हात लावला नाहीत, आणि मला मनापासून आभार मानायचे आहेत ते या गोष्टीचे. आधी कीड थांबवू, दुरुस्ती नंतर, असं म्हणालात. मी तेव्हा किंचित नाराज झालो होतो हे कबूल करतो. सुट्टी काढून आलो होतो, एकदाचं उरकून टाकायचं होतं.

पुढच्या दातांना सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे कीड थांबवणारं औषध लावायचं ठरलं. लावण्याआधी तुम्ही फोटो दाखवलेत. किडलेला भाग कायमचा काळा पडेल, सगळ्याच दातांत कीड थांबेल याची हमी नाही, सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल, हे सगळं आमच्याकडून वदवून घेतलंत आणि मगच बाटली उघडलीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं, हे मी नंतर वाचलं. प्रत्यक्ष काम मिनिटा-दोन मिनिटांचं: कापसाने दात कोरडा केला, इवल्याशा ब्रशने थेंब लावला, झालं. सुई नाही, आवाज नाही. तिचा हात धरताना एक थेंब माझ्या बोटावर पडला. दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग. तो आठवडाभर जाईना, आणि ऑफिसात ज्याला त्याला मी त्याची गोष्ट सांगत होतो. आजीला मात्र नातीचे काळे दात बघवेनात. “फोटोत कसं दिसेल?” आठ दिवसांनी नात दोन्ही बाजूंनी चावताना दिसली, मग आजी फोटोचं विसरली.

दाढांचं प्रकरण निराळं होतं. एका दाढेवर तुम्ही स्टीलची कॅप बसवलीत, तीही दात न कोरता. आधी दोन दाढांच्या फटींत रबराच्या बारीक रिंगा, काही दिवसांनी त्या काढून, कॅपमध्ये सिमेंट भरून ती थेट वर दाबली आणि तिला चावायला लावलं. कीड आतच राहिली की, असं मी घाबरून म्हणालो. तुम्ही म्हणालात, राहू दे, तिचं अन्नपाणी तोडलंय. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाई अशा कॅप बसवत असत, आणि त्यांच्या रुग्णांच्या नोंदींवरचा लेख २००६ मध्ये आला तेव्हा बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या होत्या, म्हणजे घाबरणारा मी एकटा नाही. पहिले काही दिवस तिचे दात नीट मिटत नव्हते, मग आपोआप बसले. ही चांदीची दाढ ती येईल त्या पाहुण्याला दाखवते. पाहुणे काय बोलावं या विचारात पडतात.

दुसऱ्या दाढेत मात्र कीड आतल्या नसेला जाऊन भिडली होती. तिथे सुई आली, नसेचा वरचा भाग काढावा लागला, आणि ती रडली. आदल्या दिवशी तुम्ही फोनवर मला बजावलं होतं, की ‘काही दुखणार नाही’ असं घरी सांगू नका, ‘सुई’ हा शब्दही तुम्ही काढू नका, ते माझ्यावर सोडा. वाऱ्याची नळी तुम्ही आधी तिच्या तळहातावर सोडलीत, मग नखावर, मग दातावर. डावा हात वर केला की थांबायचं, असं तुमचं दोघींचं ठरलं होतं. तिने तो पाच वेळा वर केला. त्यातले तीन निव्वळ तुम्ही थांबता का हे बघायला होते, ते मला बाहेरून कळत होतं, तुम्हालाही कळत असणार. तुम्ही पाचही वेळा थांबलात.

घरचं काम माझ्या वाट्याला आलं. बाटलीतली साखर पहिल्याच रात्री बंद, मग दर रात्री दूध थोडं कमी आणि पाणी थोडं जास्त. नुसत्या पाण्यावर यायला अकरा रात्री लागल्या. सातवी सर्वांत वाईट. तिसऱ्या दिवशी तुमच्या मदतनीस ताईंनी चौकशीचा फोन केला होता, त्यांनाही नमस्कार सांगा. पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड १००० पीपीएम लिहिलंय ना, ते तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलं होतंत. वाटाण्याएवढी पेस्ट, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच, घासून झालं की थुंकायचं, चूळ भरायची नाही. आणि सात-आठ वर्षांची होईपर्यंत घासणार मोठं माणूस. ‘ती स्वतः घासते’ हे मी केवढ्या अभिमानाने सांगितलं होतं!

तक्रार एकच, आणि ती तुमच्याबद्दल नाही. लसींच्या तारखा आम्हाला तोंडपाठ होत्या. पहिल्या वाढदिवसापर्यंत दात एकदा दाखवून आणावेत, हे मात्र तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आता मी लिफ्टमध्ये भेटणाऱ्या तान्ह्या बाळांच्या आईबापांना सांगत सुटतो. काही जण जिन्याने जायला लागले असावेत.

परवा रात्री दात घासून झाल्यावर तिने मला आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं, बोटाने माझा वरचा ओठ उचलला आणि मोजायला लागली. बारापर्यंत बरोबर, मग एकदम सतरा, अठरा, वीस. “वीस आहेत,” म्हणाली. मी काही बोललो नाही. तोंडात तिचं बोट होतं.

आपला,
चांदीच्या दाढेवालीचा बाबा