हॉल्टिंगचा हिशोब, रविवारी भेटायचंय

सगळ्या ट्रेलरवाल्या भावांनो, येत्या रविवारी सकाळी 10 ला कळंबोली स्टील मार्केटच्या आपल्या नेहमीच्या टपरीवर या, उरण आणि तळोजाची पोरं पण. विषय एकच, ट्रिपवर पैसे मिळतात पण लायनीत उभं राहायचे, म्हणजे हॉल्टिंगचे, कोण देणार. मी मागच्या आठवड्यात न्हावा शेवा बंदराला एका यार्डाबाहेर रात्री 9 पासून दुसऱ्या दिवशी दुपारी 2 पर्यंत अडकलो, गाडी चार हात पुढे घ्यायची परत ब्रेक, झोप नाही, संडासची सोय नाही, आणि ठेकेदाराने हातावर ठेवले एका ट्रिपचे पैसे, वर ई-चलान पण माझ्याच पगारातून कापलं, गाडी रोडवर उभी करायला काय मला हौस होती का!

कायद्यात दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, त्याच्यावर ओव्हरटाइम डबल रेटने. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्या कंपनीचं काम त्या कंपनीवर पण जबाबदारी येते, हे आपल्यातल्या निम्म्यांना माहीत नसेल, मला पण आत्ता कळलं.

येताना गेटपासचे फोटो आणा, इन-आउट टाइम दिसला पाहिजे. पास लगेच परत घेतात म्हणून हातात आला की आधी फोटो मारा. टोलच्या पावत्या, लायसनची झेरॉक्स, हॉल्टिंगचा भत्ता मिळाला असेल तर त्याचा मेसेज पण. ड्रायव्हरच्या केबिनला एसी लावायच्या नियमाचं रविवारी नको, तो नव्याने बनणाऱ्या गाड्यांनाच लागू आहे, आपल्या जुन्या डब्यांना नाही.

जो ट्रिपवर असेल त्याने फोटो इथेच टाका. गुड मॉर्निंगवाले जरा दोन दिवस थांबा.