इयत्ता तिसरीच्या सत्र-संचाबाबत तक्रार

वडोदरा

प्रति,
व्यवस्थापक,
शालेय साहित्य विभाग

विषय : इयत्ता तिसरी, मराठी माध्यम, प्रथम सत्राच्या संचातील चुका दुरुस्त करून मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे तिसरीचे 12 संच आम्ही वर्गासाठी जूनमध्ये घेतले. गणित, मराठी आणि परिसर अभ्यास यांच्या कार्यपुस्तिका, साहित्याची पेटी आणि सत्राच्या नियोजनाचा आठवडावार तक्ता असा हा संच आहे. ‘सर्व विषय एकमेकांत गुंफलेले’ असे वेष्टनावर छापले आहे. तक्ता वर्गात लावून पाहिला की उलटेच दिसते. एका विषयात जे आधी यायला हवे, ते दुसऱ्या विषयात कित्येक आठवड्यांनी येते. आमची मुख्य तक्रार या क्रमाबद्दल आहे.

गणितापासून सांगतो. तिसऱ्या आठवड्यात 402 − 178 सारख्या वजाबाक्या दिल्या आहेत आणि शतकाची स्थानिक किंमत सहाव्या आठवड्यात. अशा वेळी बहुतेक मुले 376 लिहितात. ‘दोनातून आठ जात नाहीत’, म्हणून आठातून दोन, सातातून शून्य आणि चारातून एक वजा करतात. बरोबर उत्तर 224. हा मुलांचा निष्काळजीपणा नव्हे. एक शतक मोडून दहा दशक करायचे, त्यातला एक दशक सुटा करून दोनाचे बारा करायचे, हे त्यांनी हाताने केलेलेच नसते.

ते हाताने करावे म्हटले, तर पेटीतले साहित्य पुरत नाही. प्रत्येक पेटीत 5 शतकपाट्या (एक पाटी म्हणजे 100), 9 दशकदांडे (एक दांडा म्हणजे 10) आणि 9 सुटे (एकेक) आहेत. एवढ्यात 599 पर्यंतची संख्या नुसती मांडून दाखवता येते. वजाबाकी होत नाही, कारण पाटी मोडली की तिच्या बदल्यात द्यायला दहा दांडेच नाहीत. वरच्या एका उदाहरणालाच 10 दांडे आणि 12 सुटे लागतात. तीन अंकी वजाबाकीत एका घरात जास्तीत जास्त 18 जमतात, म्हणून 18 दांडे, 18 सुटे आणि 9 पाट्या हे किमान प्रमाण हवे.

परिसर अभ्यासात दुसऱ्या आठवड्याचा उपक्रम असा : पेटीतली 30 सेंटीमीटरची काठी उन्हात उभी रोवा, दुपारी बरोबर 12 वाजता सावली मोजा, ती उत्तरेकडे पडलेली दिसेल. वडोदऱ्यात जूनमध्ये ती तशी पडत नाही. शहर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, एक अंशाहून थोड्या जास्त अंतरावर आहे. त्यामुळे जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा, म्हणजे दिवसातला सर्वांत उंच, सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे जाते, तीही जेमतेम अर्धा सेंटीमीटर. शिवाय इथला माध्यान्ह घड्याळात 12 ला येत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, वडोदरा 73 अंशांच्या थोडे पुढे; त्यामुळे जूनअखेरीस इथला माध्यान्ह साधारण 12 वाजून 40 मिनिटांनी होतो. बरोबर 12 ला मूल काठीजवळ गेले, तर त्याला जवळजवळ पाच सेंटीमीटरची सावली पश्चिमेकडे पडलेली दिसते. पुस्तकात उत्तर, जमिनीवर पश्चिम. मग मूल डोळ्यांनी पाहिलेले खोडून पुस्तकातले लिहिते, आणि याचेच आम्हाला सर्वांत वाईट वाटते. त्यातून जूनअखेरीस आभाळ भरलेले असते आणि सेंटीमीटर मोजायला गणितात चौदाव्या आठवड्यात शिकवायचे आहे.

हा उपक्रम दिवाळीच्या सुटीनंतर ठेवावा. नोव्हेंबरच्या अखेरीस याच काठीची माध्यान्हीची सावली 25 सेंटीमीटरहून लांब असते आणि ती नेमकी उत्तरेकडे पडते. बारापासून पाऊण वाजेपर्यंत दर 5 मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करायची. सर्वांत आखूड सावलीची रेघ तीच दक्षिणोत्तर रेघ. घड्याळाचा आकडा पुस्तकात छापायची गरजच उरत नाही.

या रेघेशी होकायंत्र ताडून पाहा असे पुढे म्हटले आहे, पण 12 पैकी 4 होकायंत्रे दक्षिणेला उत्तर दाखवतात. चुंबकपट्टी आणि होकायंत्र एकाच पाकिटात घातले आहे. जोरदार चुंबक सतत चिकटून राहिला की सुईचे ध्रुव उलटतात. दोन्ही वस्तू पेटीच्या दोन टोकांना ठेवा.

दहाव्या आठवड्यातला ‘जवळच्या नदीकाठी जाऊन पाणी व माती गोळा करा’ हा उपक्रम तर ताबडतोब रद्द करावा. तो आठवडा ऑगस्टात येतो. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, तिच्यात मगरी आहेत. पावसाळ्यात पाणी चढले की त्या वस्तीत येतात. ऑगस्ट 2024 च्या पुरात हे सगळ्यांनी पाहिले. मातीचे थर दाखवायला बरणीभर पाण्यात शाळेच्या अंगणातली दोन मुठी माती ढवळून ठेवली तरी पुरते : वाळू काही मिनिटांत खाली बसते, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते.

मराठीच्या पुस्तिकेत पान 22 वर डोंगरांमधल्या खोलगट भागाचे चित्र आहे आणि खाली शब्द छापला आहे ‘दर्या’. दर्या म्हणजे समुद्र; हवे होते ‘दऱ्या’. ज्या पानावर रफार आणि अर्धा ऱ यांतला फरक शिकवायचा, त्याच पानावर ही चूक आहे. ल आणि श ही अक्षरे सर्वत्र हिंदी वळणाची आहेत. इथल्या मुलांच्या कानावर घरात मराठी आणि गल्लीत गुजराती पडते, दुकानांच्या पाट्याही गुजराती. मराठी अक्षराचे वळण त्यांना मुख्यतः पुस्तकातूनच मिळते. पाकळीचा ल आणि देठाचा श त्यांना तिथे दिसलाच पाहिजे.

आमच्या मागण्या अशा : कमी पडणारे दांडे, सुटे व पाट्या 12 ही पेट्यांसाठी पाठवाव्यात, 4 होकायंत्रे बदलून द्यावीत, पान 22 ची दुरुस्त चिकटपट्टी द्यावी, आणि स्थानिक किंमत वजाबाकीच्या आधी व लांबीचे मापन सावलीच्या उपक्रमाच्या आधी घेऊन नवा तक्ता द्यावा. अक्षरांची वळणे पुढच्या छपाईत सुधारावीत. हे 15 दिवसांत जमत नसेल तर संच परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. बिलाची प्रत, उलट्या होकायंत्रांचे आणि पान 22 चे फोटो सोबत जोडले आहेत.

आपल्या,
इयत्ता तिसरीच्या वर्गशिक्षिका