साहेब, तुम्ही आधी चर खणायला लावला

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

खालच्या तुकड्यात यंदा गहू उभा आहे. परवा आई बांधावर आली, एक ओंबी हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिली. त्या रात्रीच ठरवलं, तुम्हाला लिहायचं आणि सगळ्यांना वाचू द्यायचं.

आमचं वावर पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. पाणी आलं तसा ऊस आला, आणि उसाला पाणी देताना ते निचरणार कुठं हे कुणी पाहिलं नाही. पाणी जमिनीखाली चढत गेलं. उन्हाळ्यात वर पांढुरका थर, पावसात पाय रुतेल असा चिकल, वाळलं की कुदळ उडेल असं ढेकूळ. वडिलांनी तो तुकडा विकायला काढला होता.

मी तुमच्याकडं आलो तो जिप्सम, म्हणजे अशी जमीन सुधारायला टाकतात ती खनिज भुकटी, किती टाकू एवढंच विचारायला. तुम्ही आकडा सांगितला नाही. आधी माती आणायला लावली. सामू, म्हणजे मातीचा आम्ल-विम्लपणा दाखवणारा आकडा, 8.9 आला; विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियम 15 टक्क्यांच्या बराच वर. तुम्ही म्हणालात, ही चोपण आहे, म्हणजे सोडियम साठून बिघडलेली जमीन, आणि मग तुमच्या रायगडातल्या खार जमिनीबद्दल बोललात. तिथं मीठ समुद्राचं. बांध घालून, उघाडी, म्हणजे पाणी सोडायची-अडवायची दारं, बसवून भरती अडवली की तीन हजार मिलिमीटर पाऊस ते धुऊन नेतो. आमच्याकडं पाऊस त्याच्या तिसऱ्या हिश्शाचा, आणि सोडियम मातीच्या कणाला चिकटलेला. नुसत्या पाण्यानं कण फुटून छिद्रं बुजतात, माती आणखीच घट्ट होते. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, पण सुटलेल्या सोडियमला बाहेर जायला वाट नको का? हा तुमचा प्रश्न मी आता गावात प्रत्येकाला विचारतो.

म्हणून आधी चर. ओढ्यापर्यंत उतार काढायला तुम्ही स्वतः दोरी धरून उन्हात उभे राहिलात. तुमच्या नोकरीत ते काम कुठंच लिहिलेलं नसेल. मग माती तपासणीवरून ठरलेल्या जिप्समचा निम्मा हप्ता, शेणखतासोबत वरच्या वीतभर मातीत मिसळून. पावसाळ्यात धैंचा, हे हिरवळीच्या खताचं पीक, फुलावर यायच्या आत गाडलेला. पुढच्या वर्षी उरलेला हप्ता.

हरभरा पेरायची माझी घाई तुम्ही थांबवलीत. तो खार सोसत नाही, आधी गहू घ्या, म्हणालात. बरं झालं ऐकलं.

चराच्या तोंडाशी पहिल्या पावसाचं गढूळ पाणी वाहताना वडील म्हणाले, "आपलं मीठ चाललं." त्यांनी तुकडा विकला नाही, साहेब. तुमची बदली झाली तेव्हा भेट राहून गेली. गहू निघाला की पायलीभर घेऊन येतो, नाही म्हणू नका.

आपला,
पाथरी तालुक्यातला एक शेतकरी