सर्व्हरवर उघडी राहिलेली सेशन्स कोण बंद करणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सायबर हल्ल्याची बातमी आली की पेपरात फसव्या लिंक, ओटीपी, अँटीव्हायरस यांच्याबद्दल भरपूर लिहून येतं आणि ते यायलाच हवं, पण ऑफिसातले सर्व्हर ज्या रिमोट डेस्कटॉपवरून रोज चालवले जातात त्याबद्दल कोणीच लिहीत नाही. मी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली आणि प्रोग्रॅम जिथे असतात ते सामाईक कॉम्प्युटर, सांभाळायचं काम करतो. सर्व्हरला जोडायची परवानगी मागायला सगळे येतात, पण जोडलेलं सेशन, म्हणजे लॉगिन केल्यापासून बाहेर पडेपर्यंतचं काम, नीट बंद झालं की नाही हे बघायचं काम बहुतेक ठिकाणी कोणाकडेच नसतं. ते कोणाकडे तरी असावं यासाठी हे पत्र.

रिमोट डेस्कटॉप म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर्व्हर दुसऱ्या खोलीत असो की दुसऱ्या खंडात, त्याचा स्क्रीन आपल्या कॉम्प्युटरवर दिसतो आणि आपला माउस-कीबोर्ड तिकडे चालतो. विंडोजमध्ये ही सोय १९९८ साली एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आली आणि ती आजही ३३८९ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवरच्या त्या नंबरच्या दारातून, चालते. काम झालं की लोक विंडोच्या कोपऱ्यातली फुली दाबतात आणि उठून जातात. फुली दाबल्यावर सेशन संपत नाही, फक्त डिस्कनेक्ट होतं. तिकडे सर्व्हरवर तो माणूस लॉगिनच असतो, त्याचे प्रोग्रॅम चालू, फाइली उघड्या, मेमरी अडकलेली, आणि वेळेची मर्यादा कोणी घातली नसेल तर विंडोज स्वतःहून ते सेशन कधीच बंद करत नाही, पुढचा रीस्टार्ट होईपर्यंत ते तसंच पडून राहतं. खरं बाहेर पडायचं तर स्टार्ट मेन्यूत जाऊन साइन आउट करावं लागतं, आणि हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी कोणी सांगतच नाही.

यातून होणारे त्रास वरवर वेगळे दिसतात पण मूळ एकच. समजा कोणी आपला पासवर्ड बदलला आणि त्याचं जुनं सेशन एखाद्या सर्व्हरवर पडून आहे, तर ते सेशन, किंवा त्यात चालू असलेला एखादा प्रोग्रॅम, जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि त्या माणसाचं अकाउंट सारखं लॉक होतं, मग हेल्पडेस्क अनलॉक करतं, थोड्या वेळाने परत लॉक, सगळे म्हणतात हॅकिंग झालं की काय, आणि शेवटी कळतं की कधीतरी फुली दाबून सोडलेलं एक सेशन होतं. दुसरं म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं वेगळं लायसन्स घेतलं नसेल तर, नुसत्या देखभालीसाठी, विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोघांनाच चालू सेशन मिळतं. तिसरा आला की सर्व्हर त्याच्यापुढे यादी ठेवतो आणि विचारतो की यातल्या कोणाला डिस्कनेक्ट करू. रात्री काहीतरी बंद पडलेलं असताना, आत बसलेल्यांपैकी कोण खरंच काम करतंय आणि कोण स्क्रीन चालू ठेवून निघून गेलंय हे त्याने ठरवायचं कसं?

सगळ्यात जास्त काळजी मला सुरक्षेची वाटते. ज्याच्या हातात त्या मशीनचे सर्वोच्च अधिकार आले तो दुसऱ्याच्या डिस्कनेक्ट होऊन पडलेल्या सेशनमध्ये त्याचा पासवर्ड न टाकता शिरू शकतो, हे विंडोजच्या रचनेतच आहे, यात नवीन काही नाही. शिवाय साध्या पद्धतीने रिमोट लॉगिन केलं की लॉगिनची माहिती त्या सर्व्हरच्या मेमरीत राहते. म्हणजे सगळ्या डोमेनचा (ऑफिसच्या एकत्र जोडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांचा) अ‍ॅडमिन एखाद्या साध्या प्रिंट सर्व्हरवर लॉगिन करून फुली दाबून गेला, तर तो घराच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा अंगणात ठेवून गेल्यासारखं आहे. रिमोट क्रेडेन्शियल गार्ड नावाची सोय विंडोज सर्व्हर २०१६ पासून आहे, ती वापरली तर ही माहिती समोरच्या मशीनवर जातच नाही, पण ती चालू केलेली ऑफिसं फार कमी दिसतात.

मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी बाहेर आली तेव्हा पासवर्डही न देता रिमोट डेस्कटॉपमधून आत शिरता येईल अशी परिस्थिती होती, आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपी आणि सर्व्हर २००३ साठी सुद्धा पॅच (दुरुस्ती) काढला. इतकं होऊन आजही ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटला उघडा ठेवणारे आहेत. काहीजण पोर्टचा नंबर बदलतात आणि निर्धास्त होतात, पण स्कॅन करणारे प्रोग्रॅम सगळेच पोर्ट तपासतात त्यामुळे त्याचा फारसा उपयोग नाही. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खाजगी रस्ता) किंवा रिमोट डेस्कटॉप गेटवे (आत सोडण्याआधी तपासणारा मधला सर्व्हर) यांच्या मागेच सर्व्हर ठेवायला हवेत, गेटवे सुरक्षित वेबसाइटच्याच ४४३ पोर्टवरून जातो म्हणजे फायरवॉलमध्ये वेगळं भोक पाडावं लागत नाही, आणि त्यावर पासवर्डशिवाय आणखी एक ओळख पटवणं सक्तीचं हवं. लिनक्सवाल्यांनीही निश्चिंत राहू नये, व्हीएनसी या तिकडच्या रिमोट स्क्रीनच्या सोयीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात.

आता कनेक्शनच्या यादीबद्दल. सर्व्हर पाच-सहा असतील तर लक्षात राहतात, शंभर झाले की कनेक्शन मॅनेजर, म्हणजे सगळ्या सर्व्हरचे पत्ते एका जागी ठेवून तिथूनच जोडून देणारं टूल, लागतोच, आणि तो वापरावाच असं माझं मत आहे, कारण नाहीतर लोक आयपी अ‍ॅड्रेस एक्सेलमध्ये ठेवतात आणि शेजारच्या कॉलममध्ये पासवर्ड. पण त्या टूलची फाईल म्हणजे सगळ्या सर्व्हरचा नकाशा असते आणि काही टूलमध्ये मास्टर पासवर्ड घातला नाही तर त्यातले सेव्ह केलेले पासवर्ड कोणालाही उलगडता येतात. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं असं टूल, आरडीसीमॅन, २०२० मध्ये एका सुरक्षा त्रुटीमुळे मागे घेतलं गेलं आणि २०२१ मध्ये सिसइंटर्नल्स या मायक्रोसॉफ्टच्याच टूलसंचातून सुधारून परत आलं, तरी जुनीच आवृत्ती पेनड्राइव्हवरून फिरवणारे असतातच. आणि एकाच वेळी दहा सर्व्हरच्या खिडक्या उघड्या असल्या की टेस्टचा सर्व्हर समजून प्रत्यक्ष कामाचा सर्व्हर शटडाऊन करणं ही खरी भीती आहे, म्हणून प्रत्येक सर्व्हरच्या वॉलपेपरवर त्याचं नाव मोठ्या अक्षरात यावं, त्यासाठी बीजीइन्फो हे टूल फुकट मिळतं, आणि प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरचा रंग वेगळा ठेवावा.

सामाईक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट तर बंदच करा हो! सगळे एकाच नावाने जातात, मग विंडोज एका युजरला एकच सेशन देत असल्यामुळे दुसरा आत आला की पहिला बाहेर फेकला जातो आणि दुसऱ्याच्या समोर पहिल्याच्या उघड्या खिडक्या येतात, अर्धवट टाइप केलेल्या कमांडसकट. त्यानंतर काही बिघडलं तर कोणी केलं हे शोधायची सोयच उरत नाही. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये (नोंदवहीत) प्रत्येक घटनेला नंबर असतो, ४६२४ म्हणजे लॉगिन, ४७७८ म्हणजे पुन्हा जोडणं, ४७७९ म्हणजे डिस्कनेक्ट, सगळं वेळेसकट नोंदलं जातं, पण नाव एकच असेल तर ती नोंद असून काय करायचं, आणि लॉगची साइज लहान ठेवली असेल तर जुनी नोंद पुसलीही गेलेली असते.

हे सुधारायला खर्च नाही म्हटलं तरी चालेल. ग्रुप पॉलिसीत (सगळ्या कॉम्प्युटरना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) डिस्कनेक्ट झालेल्या आणि नुसत्याच पडून असलेल्या सेशनला वेळेची मर्यादा घालता येते. फक्त ती सरसकट घालू नये, कारण काही जुने प्रोग्रॅम कोणाच्या तरी सेशनमध्येच चालत असतात आणि मर्यादा लागली की ते मध्येच मरतात. आधी ते शोधून, कोणी लॉगिन नसतानाही चालतील असे, सर्व्हिस किंवा शेड्यूल्ड टास्कमध्ये हलवावेत. क्वेरी यूजर ही एक कमांड कोणत्या सर्व्हरवर कोण किती वेळ नुसतं बसलंय ते दाखवते, ती सगळ्या सर्व्हरवर रोज आपोआप चालवून यादी एका जबाबदार माणसाकडे गेली पाहिजे, त्याच्या कामाच्या वर्णनात हे लिहिलेलं हवं. बाहेरच्या व्हेंडरला एका कामापुरतं दिलेलं अकाउंट तर ठरलेल्या तारखेला आपोआप बंद होईल असंच बनवावं, विंडोजमध्ये अकाउंटला शेवटची तारीख घालता येते.

आपल्या बातमीदारांनाही एक विनंती आहे. कुठल्या संस्थेचा डेटा चोरीला गेला किंवा कामकाज ठप्प झालं की ‘तांत्रिक अडचण’ या उत्तरावर थांबू नका, त्यांना विचारा की रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडा होता का, प्रत्येकाचं अकाउंट वेगळं होतं का, आणि त्या वेळी कोणाची सेशन्स चालू होती याची नोंद तुमच्याकडे आहे का.

आपला नियमित वाचक,
एक सिस्टिम अ‍ॅडमिन